वाचकांचे प्रश्न : लिचफिल्डची कायदाशाळा आणि तिथल्या वह्या

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, हार्टफर्डपासून पश्चिमेला सुमारे तीस मैलांवर लिचफिल्ड नावाचं गाव आहे. टॅपिंग रीव्ह या वकिलाने 1774 मध्ये तिथल्या आपल्या राहत्या घरी कायदा शिकवायला सुरुवात केली आणि 1833 मध्ये ती शाळा बंद पडली. मधल्या काळात हजाराहून अधिक तरुण तिथून शिकून बाहेर पडले. त्यांतले दोघे पुढे देशाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले, तिघे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, गेलेल्यांची संख्या शंभरावर गेली. मागच्या अंकात या शाळेवर एक छोटं टिपण आलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रवेश परीक्षेच्या एका पुस्तकात ‘अमेरिकेतलं पहिलं लॉ स्कूल’ म्हणून विल्यम अँड मेरीचं नाव आहे. तुमच्या टिपणात लिचफिल्डचं आहे. नेमकं काय लिहायचं? – एक विद्यार्थिनी, नाशिक

दोन्ही बरोबर आहेत, कारण ‘पहिलं’ दोन वेगळ्या गोष्टींना लावलं आहे. व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात 1779 मध्ये कायद्याचं अध्यासन सुरू झालं. त्यामागे थॉमस जेफरसन यांचा पुढाकार होता आणि जॉर्ज विथ हे पहिले प्राध्यापक. पुढे सरन्यायाधीश झालेले जॉन मार्शल 1780 मध्ये त्यांची व्याख्यानं ऐकायला बसत. पण तिथे कायदा हा कॉलेजातल्या अनेक विषयांपैकी एक होता. लिचफिल्डला कॉलेज नव्हतंच. तिथे कायद्याखेरीज दुसरं काही शिकवत नसत आणि सगळा कारभार खाजगी होता. म्हणून परीक्षेत लिहायचं तर असं लिहा: कॉलेजातलं कायद्याचं पहिलं अध्यासन विल्यम अँड मेरी, 1779; फक्त कायदा शिकवणारी पहिली स्वतंत्र शाळा लिचफिल्ड.

लिचफिल्डच्या सालाबद्दलही घोळ आहे. 1774 मध्ये रीव्ह यांच्याकडे एक विद्यार्थी आला. तो त्यांचा मेहुणा, पुढे उपराष्ट्राध्यक्ष झालेला ॲरन बर. पाठोपाठ आणखी आले, तरी तेव्हाची पद्धत वकिलाच्या हाताखालच्या नेहमीच्या उमेदवारीचीच होती. ठरावीक क्रमाने व्याख्यानं आणि त्यांसाठी घराशेजारी बांधलेली एका खोलीची इमारत, हे 1784 चं. त्यामुळे पुस्तकांत दोन्ही सालं सापडतात. ‘शाळा’ या अर्थाने आम्ही 1784 धरतो. 1774 ही शिकवणी सुरू झाल्याची तारीख.

मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो. सीनियरच्या हाताखाली काम शिकणं आमच्याकडेही आहे. मग अमेरिकेत त्या काळी वेगळी शाळा काढावी असं का वाटलं? – एक वकील, सातारा

सीनियरच्या हाताखाली माणूस काय शिकतो, हे सीनियरवर अवलंबून असतं. तेव्हाही तसंच होतं, फक्त फरक जास्त टोकाचा होता. उमेदवार वकिलाला फी द्यायचा आणि वर त्याच्या कचेरीत कारकुनी करायचा. छापील नमुने फारसे नसत. त्यामुळे दावे, समन्स, खरेदीखतं, गहाणखतं सगळं हाताने उतरवून काढावं लागे. यातून मसुद्याचं वळण बसे, पण ‘असंच का लिहायचं’ हे सांगायला कोणाला वेळ नसे. वकील कोर्टाच्या फेरीबरोबर गावोगाव हिंडायचा आणि उमेदवार मागे बसून कुकचं लिटल्टनवरचं भाष्य, म्हणजे जमिनीच्या कायद्यावरचा जुना इंग्लिश ग्रंथ, वाचायचा. ते पुस्तक आजही कोणी एकट्याने वाचून दाखवावं.

दुसरी अडचण पुस्तकांची. ब्लॅकस्टोनचे इंग्लिश कायद्यावरचे चार खंड 1765 ते 1769 दरम्यान इंग्लंडमध्ये निघाले आणि लगेच फिलाडेल्फियात त्यांची आवृत्तीही छापली गेली, तेवढीच सोय. इंग्लिश न्यायनिर्णयांचे खंड महाग होते आणि एखाद्या वकिलाकडे त्यांतले चार-दोनच असत. अमेरिकेतल्या कोर्टांचे निर्णय तर छापलेलेच नव्हते. इफ्राइम कर्बी यांनी कनेक्टिकटच्या निर्णयांचा खंड 1789 मध्ये काढला, तो अमेरिकेतल्या पहिल्या छापील निर्णयसंग्रहांत मोडतो, आणि तो छापला गेला लिचफिल्डलाच. स्वातंत्र्यानंतर तर वेगळाच पेच उभा राहिला. इंग्लिश कॉमन लॉमधलं, म्हणजे न्यायनिर्णयांतून घडत आलेल्या कायद्यातलं, आपल्याकडे काय चालू राहिलं आणि काय गळालं, हे एका पुस्तकात कुठेच नव्हतं.

रीव्ह यांनी केलं ते एवढंच की सगळा कायदा विषयवार लावला आणि प्रत्येक विषयातले नियम, त्यांचे अपवाद आणि त्यांना आधार देणारे निर्णय असे ओळीने सांगितले. 1798 मध्ये ते कनेक्टिकटच्या सुपीरिअर कोर्टावर न्यायाधीश झाले. फेरीवर जावं लागणार म्हणून त्यांनी आपलाच जुना विद्यार्थी जेम्स गूल्ड यांना भागीदार घेतलं. शाळेला काटेकोर आकार आला तो गूल्ड यांच्यामुळे. रीव्ह विद्वान, मोकळे, पण बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडून पुढे जाणारे. उतारवयात घशाच्या विकाराने त्यांचा आवाज गेला आणि ते जवळजवळ कुजबुजतच शिकवत. गूल्ड यांचं वाक्य मात्र जसंच्या तसं वहीत उतरवून घ्यावं असं असे.

तिथे पाठ्यपुस्तक नव्हतं, विद्यार्थी स्वतःच्या वह्यांतून शिकत, असं टिपणात म्हटलं आहे. हे प्रत्यक्षात कसं चाले? दिवस कसा जायचा? – निवृत्त प्राध्यापक, औरंगाबाद

शाळेने 1828 मध्ये विद्यार्थ्यांची यादी छापली, तिच्यात अभ्यासक्रमाची माहिती आहे. त्यावरून दिवसाचं चित्र बऱ्यापैकी उभं करता येतं.

रोज एक व्याख्यान, साधारण दीड तासाचं. गूल्ड आपल्या हस्तलिखितातून सावकाश वाचत. नियम आधी एकदा, मग थांबून पुन्हा. त्यानंतर अपवाद, मग आधाराचा निर्णय, खंड आणि पानाच्या आकड्यासह. विद्यार्थी पिसाच्या लेखणीने उतरवून घेत. ही झाली कच्ची टिपणं. उरलेला दिवस दोन कामांत जाई. व्याख्यानात सांगितलेले निर्णय मूळ पुस्तकांत काढून पडताळायचे आणि त्या विषयावरचे मान्यवर ग्रंथ वाचायचे. मग कच्च्या टिपणांवरून पक्की वही लिहायची. एका विद्यार्थ्याच्या पक्क्या वह्या पूर्ण झाल्या की त्यांचे पाच जाड खंड भरत. ते बांधून घेऊन विद्यार्थी गावी जाई आणि पुढची कित्येक वर्षं तेच त्याचं संदर्भालय असे.

गूल्ड यांनी कायद्याचे 48 विषय पाडले होते. मालक आणि नोकर, पती आणि पत्नी, आईबाप आणि मूल, पालक आणि पाल्य, मृत्युपत्राचे व्यवस्थापक, शेरीफ आणि तुरुंगाधिकारी, करार, ठेव आणि सोपवलेला माल, खानावळी आणि त्यांचे मालक, हुंड्या, विमा, भागीदारी, दाव्यांचं लेखन, पुरावा, इक्विटी, गहाण, जमिनीतले हक्क. यादीवरून नजर फिरवली की लक्षात येतं, हा रोजच्या वकिलीचा कायदा आहे. भर खाजगी व्यवहारांवर होता. देशाची राज्यघटना नुकतीच आली होती, पण लिचफिल्डच्या वहीत तिला फार जागा नव्हती. छोट्या गावातल्या वकिलाकडे घटनेचा प्रश्न घेऊन कोण येणार? येणार तो घोडा उसना नेऊन लंगडा करून आणणाऱ्यावर दावा लावायला.

दर शनिवारी आठवड्याच्या व्याख्यानांवर तोंडी परीक्षा असे. 1828 च्या सुमारास ती जेबेझ हंटिंग्टन घेत. पाठ केलेलं म्हणून दाखवलं की सुटका नाही. नियमामागचं तत्त्व काय, ते इथे लागू का आणि तिथे का नाही, हे विचारलं जाई. आठवड्यातून निदान एकदा मूट कोर्ट, म्हणजे सरावाचं कोर्ट, भरे. गूल्ड स्वतः न्यायाधीशाच्या जागी बसत, दोन्ही बाजूंचा युक्तिवाद ऐकून सकारण निकाल देत. याशिवाय विद्यार्थ्यांची स्वतःची वादसभा असे. तिच्यात शिक्षक लक्ष घालत नसत.

या पद्धतीची कमजोरीही वहीतच होती. कच्च्या टिपणात आकडा चुकला आणि त्याच दिवशी पडताळला नाही, तर चूक पक्क्या वहीत जाऊन बसे. आजारी पडलेला मुलगा मित्राच्या वहीवरून उतरवून घेई, म्हणजे मित्राची चूकही घेई. काहींनी तर आधीच्या वर्षीच्या विद्यार्थ्याची अख्खी वही नकलून काढली. सतरा निर्णय ओळीने लिहिलेले आणि त्यांतला एकही उघडून पाहिलेला नाही, अशी वही दिसायला सुरेख, पण कोर्टात उपयोगाची नाही.

न्यू जर्सीला असते. एका संग्रहासाठी स्वयंसेवक म्हणून जुन्या हस्तलिखितांचं वाचन करून देते. लिचफिल्डच्या एका वहीची काही पानं माझ्याकडे आली आहेत. संक्षेप कळत नाहीत आणि अक्षरंही विचित्र आहेत. कसं वाचावं? – एक वाचक, एडिसन

आधी पान कच्चं की पक्कं ते ठरवा. ओळी तिरक्या, शब्द गाळलेले, शाईचे डाग, मध्येच रिकामी जागा असेल तर ते बहुधा वर्गात लिहिलेलं. विषयाचं मोठ्या अक्षरातलं शीर्षक, आखलेला समास, समासात निर्णयांचे दाखले असतील तर पक्की वही. पक्क्या वहीत रिकामी जागा दिसली तर ती तशीच नोंदवा. आकडा नंतर भरू म्हणून सोडलेली ती जागा असते.

अक्षरांत सगळ्यांत फसवं ‘एस’. दोन एस लागोपाठ आले तर पहिला लांब काढायची रीत होती आणि तो ‘एफ’सारखा दिसतो. ‘असम्पसिट’ हे दाव्याच्या एका प्रकाराचं नाव, त्यातला दुहेरी एस बघितला की नवख्याला ‘अफसम्पसिट’ असंच वाचावंसं वाटतं. दुसरं, शब्द आखडून शेवटची अक्षरं वर बारीक लिहिणं. वादी आणि प्रतिवादी या शब्दांची पूर्ण रूपं तुम्हाला क्वचितच दिसतील.

दाखल्यांचे संक्षेप ही खरी गंमत आहे. ‘टी. आर.’ दिसलं की अनेकांना टॅपिंग रीव्ह आठवतात. ते नाहीत. ते टर्म रिपोर्ट्स, 1785 नंतरच्या इंग्लंडच्या किंग्ज बेंच कोर्टाच्या निर्णयांचे खंड. तसंच ‘बर.’ म्हणजे ॲरन बर नव्हे. लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्या काळातले निर्णय नोंदवणारे सर जेम्स बरो ते. ‘साल्क.’ म्हणजे सॉल्कल्ड, ‘स्ट्रे.’ म्हणजे स्ट्रेंज, ‘एल. डी. रेम.’ म्हणजे लॉर्ड रेमंड, ‘को. लिट.’ म्हणजे वर आलेलं लिटल्टनवरचं भाष्य, ‘बी. एल. कॉम.’ म्हणजे ब्लॅकस्टोन. संक्षेपाच्या आधीचा आकडा खंडाचा, नंतरचा पानाचा. ‘को. लिट.’ला मात्र आधी आकडा नसतो आणि पानाच्या आकड्यानंतर ‘ए’ किंवा ‘बी’ असतो, म्हणजे पानाची पुढची की मागची बाजू.

एक दाखला घेऊन बघा. सोपवलेल्या मालाच्या विषयात ‘2 एल. डी. रेम. 909’ असं दिसलं, तर तो कॉग्ज विरुद्ध बर्नार्ड, 1703 चा निर्णय. ब्रँडीची पिंपं एका तळघरातून दुसऱ्यात हलवून देतो असं बर्नार्डने कबूल केलं, मजुरी घेतली नव्हती. हलवताना एक पिंप फुटलं आणि बरीच ब्रँडी सांडली. फुकट काम केलं तरी हाती घेतल्यावर निष्काळजीपणाची जबाबदारी येते, असं कोर्टाने ठरवलं, आणि सरन्यायाधीश होल्ट यांनी सोपवलेल्या मालाचे सहा प्रकार पाडून दिले. आता तुमच्या पानावर 909 ऐवजी 969 वाचलं गेलं आणि त्या पानावरचा निर्णय ठेवीबद्दल नसून भलत्याच गोष्टीचा निघाला, तर चूक तुमच्या वाचनात तरी आहे किंवा लिहिणाऱ्याच्या कानात तरी. 1 आणि 7, 3 आणि 5, 0 आणि 6 या जोड्या जास्त फसवतात. इंग्लिश रिपोर्ट्स या पुनर्मुद्रणात हे सगळे जुने संग्रह एकत्र केलेले आहेत आणि ते इंटरनेटवर मोफत वाचता येतात. मूळ खंडाचा आणि पानाचा आकडा तिथेही दिलेला असतो, म्हणून पडताळणी पाच मिनिटांत होते.

उतरवून काढताना चार पथ्यं. ओळ जिथे मोडली आहे तिथेच मोडा. संक्षेप उलगडलात तर वाढवलेली अक्षरं चौकटी कंसात टाका. दाखला चुकीचा आहे अशी खात्री पटली तरी मूळ आकडा बदलू नका, बरोबर आकडा टिपेत द्या. वहीच्या पहिल्या पानावरचं नाव लिहिणाऱ्याचंच असेल असं धरून चालू नका. अशा वह्या विकल्या जात, वारशाने जात आणि नवा मालक आपलं नाव घालत असे.

मूळ पान हातात असेल तर आणखी एक. त्या काळची शाई मायफळ, हिराकस आणि डिंक यांची. हिराकस जास्त झालेली शाई आम्लामुळे कागद खात जाते आणि जाड अक्षरांच्या जागी कागद जाळीसारखा होतो. कागद चिंध्यांचा असल्यामुळे एरवी दणकट असतो, म्हणून कडा शाबूत आणि मजकुराला भोकं असा प्रकार दिसतो. ओलं कापड लावू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. ओल लागली की तीच शाई पसरून आणखी कागद खाते.

फी किती होती? पदवी मिळायची का? गरीब मुलाला परवडायचं का? – एक पालक, सोलापूर

पहिल्या वर्षाचे 100 डॉलर, दुसऱ्याचे 60. आधी द्या किंवा वर्षाअखेर. पूर्ण अभ्यासक्रम 14 महिन्यांचा, त्यात वसंतात आणि शरदात चार-चार आठवड्यांची सुट्टी. तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीसाठी प्रवेश नाही. राहण्याजेवणाचा खर्च वेगळा. वसतिगृह नव्हतं, मुलं गावातल्या घरांत पैसे देऊन राहत.

पदवी नव्हती. सनद देणं हे स्थानिक बारच्या आणि कोर्टाच्या हातात होतं. तिथे ‘लिचफिल्डला शिकलो’ एवढं सांगितलं की वजन पडे. बहुतेक मुलं कॉलेज करून आलेली, सुस्थितीतली. दक्षिणेतल्या जॉर्जिया, साउथ कॅरोलायनासारख्या राज्यांतूनही येत, म्हणजे प्रवासखर्च झेपणाऱ्या घरांतली. तरी अपवाद आहेत. हॉरेस मॅन गरीब शेतकऱ्याच्या घरातले. ते 1820 च्या दशकाच्या सुरुवातीला इथे शिकले आणि पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी शाळांची घडी बसवणारे म्हणून प्रसिद्ध झाले. जॉर्ज कॅटलिन यांनीही इथे कायदा शिकून काही काळ वकिली केली आणि मग सगळं सोडून मूळ अमेरिकी लोकांची चित्रं काढायला निघून गेले.

ॲरन बर खरंच इथे शिकला का? – एक वाचक, पणजी

शिकायला आला, फार शिकला नाही. रीव्ह यांनी वकील होण्याआधी बर भावंडांना घरी शिकवलं होतं आणि त्यांतल्या सॅलीशी त्यांचं लग्न झालं. म्हणून ॲरन 1774 मध्ये बहिणीच्या घरी राहून कायदा वाचू लागला. 1775 मध्ये लेक्सिंग्टनला स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फुटलं आणि तो सैन्यात गेला. कायद्याचा अभ्यास त्याने नंतर दुसरीकडे पुरा केला.

रीव्ह यांनी एका गुलाम स्त्रीचा खटला लढवल्याचं वाचलं. तपशील द्याल का? – शिक्षिका, कोल्हापूर

त्या बाईंना ‘मम बेट’ म्हणत. पुढे त्यांनी एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतलं. मॅसॅच्युसेट्समधल्या शेफील्ड गावात कर्नल जॉन ॲश्ली यांच्या घरी त्या गुलाम होत्या. राज्याच्या 1780 च्या घटनेत सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत असं कलम होतं. त्याच्या आधारावर त्या थिओडोर सेजविक या वकिलाकडे गेल्या आणि सेजविक यांनी रीव्ह यांना बरोबर घेतलं. त्याच घरातला ब्रॉम हा गुलामही दाव्यात सामील झाला.

वकिलांना विशेष वाटेल ती दाव्याची पद्धत. ‘रिप्लेव्हिन’ हा दावा मुळात बेकायदा ताब्यात ठेवलेली वस्तू परत मिळवण्यासाठीचा. शेरीफ ॲश्लींकडे आदेश घेऊन गेला की या दोघांना सोडा. ॲश्लींनी सांगितलं, ही माझी जन्मभराची नोकरमाणसं आहेत. झालं, मालकीचा मुद्दाच कोर्टापुढे आला. ऑगस्ट 1781 मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या कोर्टात ज्यूरीने दोघांना स्वतंत्र ठरवलं आणि 30 शिलिंग नुकसानभरपाई दिली. ॲश्लींनी अपील केलं आणि मग सोडून दिलं.

यावरून लिचफिल्ड ही गुलामगिरीविरोधी शाळा होती असा निष्कर्ष काढू नये. दक्षिणेतल्या मळेवाल्यांची मुलं तिथे बिनदिक्कत शिकत होती. पुढे उपराष्ट्राध्यक्ष झालेले जॉन कॅलहून हे त्यांतले सर्वांत नाव झालेले, आणि गुलामगिरीचं त्यांच्याइतकं जोरदार समर्थन फारच थोड्यांनी केलं. उलट बाजूला, गुलाम म्हणून नेलं जात असताना अमिस्टॅड जहाजावर बंड केलेल्या आफ्रिकनांची बाजू मांडणारे रॉजर शर्मन बॉल्डविन हेही लिचफिल्डचेच.

कॅलहून यांना राज्यांनी संघातून फुटून निघण्याची कल्पना लिचफिल्डच्या शिक्षकांकडून मिळाली, हे खरं आहे का? – एक वाचक, नागपूर

ही गोष्ट रंगवून सांगितली जाते. रीव्ह कडवे फेडरलिस्ट होते, म्हणजे बळकट केंद्र सरकार मागणाऱ्या पक्षाचे, जेफरसन यांचे विरोधक. 1806 मध्ये जेफरसन यांच्या बदनामीबद्दल त्यांच्यावर आरोप ठेवला गेला होता, तो खटला पुढे चाललाच नाही. 1804 च्या सुमारास न्यू इंग्लंडमधल्या काही फेडरलिस्टांत वेगळं व्हायची भाषा होती, रीव्ह यांच्याही पत्रव्यवहारात ती येते. कॅलहून 1805 मध्ये लिचफिल्डला आले. एवढ्यावरून शिष्याने गुरूचं उचललं असं ठरवणं म्हणजे जवळजवळच्या दोन तारखांना दोरी बांधणं. कॅलहून यांनी राज्यांच्या हक्कांचा सिद्धांत मांडला तो वीसेक वर्षांनी, साउथ कॅरोलायनाच्या जकातीच्या भांडणात. त्याआधी बराच काळ ते बळकट केंद्राचेच पुरस्कर्ते होते.

मुलींना प्रवेश होता का? – महाविद्यालयीन विद्यार्थिनी, रत्नागिरी

नव्हता. मात्र त्याच गावात सेरा पिअर्स यांनी 1792 मध्ये मुलींची शाळा काढली होती आणि ती त्या काळच्या मानाने गंभीर अभ्यासाची होती. ‘अंकल टॉम्स केबिन’ या कादंबरीच्या लेखिका हॅरिएट बीचर स्टो तिथे शिकल्या. दोन्ही शाळांतल्या मुलामुलींची कितीतरी लग्नं झाली. अमेरिकेत स्त्रीला वकिलीची सनद मिळाली ती थेट 1869 मध्ये, आयोवात, अराबेला मॅन्सफील्ड यांना.

इतकी नावाजलेली शाळा बंद का पडली? आणि आपल्या मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजशी तुलना करता येईल का? – एक वाचक, ठाणे

कारणं अनेक, पण आमच्या मते मुळाशी वहीच आहे. व्याख्यानं छापलेली नव्हती तोवर ती ऐकायला लिचफिल्डला यावं लागे. 1813 च्या सुमारास एका वर्षात पन्नासहून अधिक मुलं होती. पण अमेरिकन निर्णयांचे खंड आणि कायद्याचे ग्रंथ भराभर छापून येऊ लागले. खुद्द रीव्ह यांनी पती-पत्नी, मूल, पालक, नोकर या विषयांवरचं आपलं पुस्तक 1816 मध्ये काढलं, गूल्ड यांचं दावेलेखनावरचं 1832 मध्ये आलं. पुस्तक विकत मिळायला लागल्यावर तेच उतरवून घ्यायला चौदा महिने कोण काढणार?

दुसरीकडे विद्यापीठं पुढे आली. हार्वर्डने 1817 मध्ये कायद्याची शाळा काढली. 1829 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी तिथे शिकवू लागले आणि तिचं नशीब पालटलं. न्यू हेवनची खाजगी कायदाशाळा 1820 च्या दशकात येलला जोडली गेली, म्हणजे शेजारीच मोठं ग्रंथालय आणि विद्यापीठाचं नाव असलेला स्पर्धक. लिचफिल्डकडे विश्वस्त नव्हते, निधी नव्हता, पदवी देण्याची सनद नव्हती. होते ते दोन शिक्षक. रीव्ह 1820 मध्ये निवृत्त झाले आणि 1823 मध्ये वारले. गूल्ड यांची प्रकृती ढासळत होती आणि हंटिंग्टन 1829 मध्ये काँग्रेसवर निवडून गेले. 1833 मध्ये वर्ग थांबले.

मुंबईशी तुलना करायची तर इथेच फरक आहे. मुंबईत 1855 मध्ये कायद्याचे वर्ग सुरू झाले ते सर अर्स्किन पेरी यांच्या नावाच्या अध्यासनातून, एल्फिन्स्टन संस्थेच्या आश्रयाने. दोनच वर्षांत मुंबई विद्यापीठ आलं. पहिल्यापासून मागे संस्था, सरकार आणि परीक्षा असल्यामुळे शिक्षक बदलले तरी वर्ग चालू राहिले.

आमच्या मुलीचे अमेरिकन सासरे सांगतात की त्यांचे पूर्वज लिचफिल्डला शिकले. हे तपासता येईल का? – एक वाचक, पुणे

येईल. लिचफिल्ड हिस्टॉरिकल सोसायटीने दोन्ही शाळांच्या विद्यार्थ्यांची नोंदवही ‘लेजर’ या नावाने इंटरनेटवर ठेवली आहे. आडनावाने शोधा. स्पेलिंग दोन-तीन प्रकारे घालून बघा, कारण त्या काळी एकच माणूस आपलं नाव दोन तऱ्हांनी लिही. तिथे नाव सापडलं नाही म्हणजे पूर्वज आले नव्हते असं नाही. सुरुवातीच्या वर्षांच्या नोंदी अपुऱ्या आहेत आणि छापील यादी शाळेच्या अगदी शेवटच्या टप्प्यात निघाली. अशा वेळी दुसरा मार्ग सनदेचा. ज्या काउंटीत ते वकिली करत तिथल्या कोर्टाच्या नोंदींत सनद मिळाल्याची तारीख सापडते. तिथून मागे दोन-तीन वर्षं मोजून त्या काळातली घरची पत्रं बघावीत. वह्या येल आणि हार्वर्डच्या कायदा ग्रंथालयांतही आहेत आणि त्यांच्या सूचीत लिहिणाऱ्याच्या नावाने शोध घेता येतो. घरात पाच जाड, चामडी पाठीचे हस्तलिखित खंड पडून असतील तर सूचीच्या आधी ते उघडा.